ह्यूज टीएच-५५ ओसेज : खेळण्यासारखे दिसणारे, पण कडक शिस्तीचे हेलिकॉप्टर

गोव्यात बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशनसारख्या अजस्र विमानाच्या संगतीत ह्यूज ३०० हे इवलेसे हेलिकॉप्टर सहज नजरेतून निसटते. त्याच्याच कुळातल्या टीएच-५५ ओसेजने अमेरिकी लष्करात बजावलेली सेवा पाहता, ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते.

मूळ मॉडेल २६९ ने १९५६ मध्ये पहिले उड्डाण केले. लष्कराने पाच यंत्रे टेहळणीसाठी तपासून पाहिली, पण त्या कामाचे कंत्राट काही मिळाले नाही. मात्र व्हिएतनामसाठी वैमानिकांची निकड वाढत असताना, १९६४ मध्ये, तेच यंत्र प्राथमिक प्रशिक्षणासाठी निवडले गेले आणि १९६९ पर्यंत अशी ७९२ हेलिकॉप्टरे लष्कराकडे आली. टेक्सासमधील फोर्ट वॉल्टर्स येथे शिकणाऱ्या तरुणांनी त्याला ‘मॅटेल मेसरश्मिट’ असे टोपणनाव दिले. मॅटेल ही खेळणी बनवणारी कंपनी आणि मेसरश्मिट ही जर्मन लढाऊ विमाने बनवणारी, तेव्हा टोमणा उघड आहे.

१८० अश्वशक्तीचे लायकमिंगचे पिस्टन इंजिन, तीन पात्यांचा रोटर आणि इंजिनाची शक्ती वर पोहोचवणारे आठ व्ही-बेल्ट, एवढाच त्याचा संसार. बेल्ट सैल ठेवून इंजिन सुरू करायचे आणि मग ते हळूहळू ताणत रोटर फिरवायचा, ही रचना पिठाच्या गिरणीचा पट्टा पाहिलेल्याला चटकन उमगेल. सुखसोयींच्या बाबतीत त्याला फार गुण देता येणार नाहीत, कारण दोन माणसे बसली की जागा आणि शक्ती दोन्ही संपत येतात. त्याचे खरे मोल निराळ्याच गोष्टीत आहे. इंजिनाचे फेरे आपोआप सांभाळणारी यंत्रणा त्यात नव्हती; त्यामुळे डाव्या हाताने कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) उचलताना त्याच्याच मुठीतला थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी मूठ) पिळावा लागे, त्याच क्षणी नाक भरकटू नये म्हणून डावे पेडल दाबावे लागे, आणि उजवा हात सायक्लिकवरून, म्हणजे पुढे-मागे आणि बाजूला नेणाऱ्या दांड्यावरून, हलवण्याची तर सोयच नसे. यातली एक गोष्ट बिघडली की बाकीच्या लगेच बिघडत.

१९८८ मध्ये त्याची जागा टर्बाइन इंजिनाच्या ह्यूई (बेल यूएच-१) हेलिकॉप्टरने घेतली. लढाऊ सेवेच्या दृष्टीने तो बदल समजण्यासारखा असला, तरी शिक्षणाच्या दृष्टीने मला तो उफराटा वाटतो, कारण ह्यूईत फेरे सांभाळण्याचे काम गव्हर्नर नावाची स्वयंचलित यंत्रणा करते, आणि नवशिक्याच्या डाव्या मनगटाला जी शिकवण मिळायची, तीच नेमकी गळून पडते.