डॉक्टर वाचला का? मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन, नऊ महिन्यांनंतर

ऑगस्टच्या सेलमध्ये घेतला, मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपला. घड्याळ १३४ तास दाखवतंय. मधला फेब्रुवारी-मार्च कोरडाच गेला. मी हिशेबाची कामं करते, मार्चअखेरीला आकाशगंगा वाचवायला सवड कुणाला असते? रात्री साडेदहानंतर तास-दीड तास, शनिवारी थोडं जास्त, असा रवंथ करत खेळलेला हा गेम आहे. पुढे कथेतली बरीच गुपितं फुटणार आहेत. ज्यांना कोऱ्या पाटीने खेळायचंय त्यांनी इथेच थांबावं.

आधी व्यवहाराचं. एका खरेदीत तीन गेम मिळतात. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरने २००७, २०१० आणि २०१२ साली काढलेले मास इफेक्टचे तिन्ही भाग, चित्र उजळून आणि जवळजवळ सगळे डीएलसी (मूळ गेमनंतर वेगळे विकलेले जादा भाग) घालून, मे २०२१ मध्ये एकत्र आले. तिसऱ्या भागाचा मल्टिप्लेअर यात नाही, मला त्याची उणीव भासली नाही. १२० जीबी जागा लागते. माझ्या लॅपटॉपवर चुलतभावाच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ उडवावा लागला (त्याला अजून सांगितलेलं नाही). जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅमवर कुठे अडलं नाही. मराठी-हिंदी काहीच नाही, इंग्रजी सबटायटल्स वाचायची तयारी हवी. आणि संवाद आहेत ते ढिगाने.

तुम्ही कमांडर शेपर्ड. बाई किंवा पुरुष, तुमची मर्जी. मी बाई घेतली, आणि जेनिफर हेलचा आवाज ऐकल्यावर दुसरा शेपर्ड मनात बसेचना. साल २१८३. रीपर नावाची अवाढव्य यंत्रं दर पन्नास हजार वर्षांनी येतात आणि पिकलेल्या संस्कृती कापून नेतात. पुढची कापणी जवळ आलीय, आणि सिटाडेल नावाच्या स्थानकावर बसलेलं मंडळ ते मानायला तयार नाही. मंडळापुढे पुरावे मांडून हात हलवत परतणं हे ज्याने कुठल्याही सरकारी कचेरीत फाइल पुढे सरकवलीय त्याला नवीन नाही.

बोलताना पडद्यावर एक चक्र येतं. उजवीकडे वर भलेपणाचं उत्तर, खाली दांडगाईचं, मध्ये मिळमिळीत. भलेपणाचे गुण पॅरागॉन, रंग निळा. दांडगाईचे रेनेगेड, रंग लाल. रेनेगेड म्हणजे खलनायक नव्हे. काम फत्ते झालं पाहिजे, कुणाचं मन दुखावलं तर दुखावलं, अशी ती वृत्ती. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मी वाक्य वाचणंच सोडलंय. अंगठा आपोआप वर जातो, निळे गुण पडतात, शेपर्ड काहीतरी समजूतदार बोलते. गेमही हेच शिकवतो. एकाच रंगाची पट्टी भरत राहिलात तर त्या रंगाची खास उत्तरं उघडतात आणि त्यांनी कसलंही भांडण मिटतं. दर वेळी नव्याने विचार करून कधी निळं, कधी लाल निवडणाऱ्याची दुसऱ्या भागात पंचाईत होते, कारण मोक्याच्या क्षणी दोन्ही पट्ट्या अर्ध्याच असतात. बायोवेअरच्या एका माजी डिझायनरने २०२० साली सांगितलं होतं की सुमारे ९२ टक्के लोक पॅरागॉनच खेळले. मला त्यात माणुसकीचा विजय दिसत नाही. बाकीच्यांचे अंगठेही माझ्यासारखेच वर गेले असणार.

म्हणून विर्मायर लक्षात राहतं. पहिल्या भागात या ग्रहावर एका कारखान्यात बॉम्ब ठेवायचा असतो, आणि अ‍ॅशली व कायडन हे तुमचे दोन सोबती दोन ठिकाणी अडकतात. एकालाच आणता येतं. इथे निळं-लाल काही नाही. पट्टी भरलेली असो वा रिकामी, तिसरा रस्ता उघडत नाही. मी अ‍ॅशलीला आणलं. ती बॉम्बपाशी होती, बॉम्ब फुटणं महत्त्वाचं, म्हणून. असं त्या रात्री स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं रिटर्न भरता भरता खरं कारण वर आलं. माझी शेपर्ड बायोटिक होती, म्हणजे मनाच्या बळावर वस्तू उडवणारी. कायडनही बायोटिक. त्याच्याकडचं कसब माझ्याकडे आधीच होतं. अ‍ॅशलीची बंदूक मात्र कामाची होती. म्हणजे नोकरकपात करताना मालक जो हिशेब करतात, तोच मी केला होता, आणि तोही बेमालूम. या गेमने माझ्याबद्दल मला काही दाखवलं असेल तर ते इथे.

आता अण्णांचं सांगते, त्यांच्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही. माझे वडील आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. हॉलमधला टीव्ही मोठा, म्हणून दुसरा भाग मी लॅपटॉप त्याला जोडून खेळत होते, आणि अण्णा शेजारी पेपर घेऊन बसत. पेपर रात्री अकराला कोण वाचतं? बघत असायचे.

दुसऱ्या भागात मॉर्डिन सोलस नावाचा शास्त्रज्ञ सोबतीला येतो. सॅलेरियन जातीचा, बेडकासारखे डोळे, बोलणं तारेच्या भाषेत, कर्ता-कर्म गाळून. अण्णा पहिल्या दिवसापासून त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागले. या डॉक्टरच्या मागे एक जुनं प्रकरण आहे. क्रोगन ही लढवय्यी जात फार वेगाने वाढत होती, बंडं करत होती. म्हणून सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी सॅलेरियनांनी जेनोफाज नावाचा रोग बनवला आणि ट्युरियन या आणखी एका जातीने तो त्यांच्यात सोडला. तेव्हापासून क्रोगनांच्या हजारातल्या जेमतेम एखाद्या गर्भाचं जिवंत मूल होतं. पुढे क्रोगनांची शरीरं त्यावर मात करू लागली, तेव्हा तो रोग सुधारून पुन्हा पेरणाऱ्या पथकात मॉर्डिन होता.

अण्णांनी चष्मा वर केला. “म्हणजे नसबंदीच की गं.”

मी म्हटलं, तो म्हणतो नसबंदी नाही, संख्या स्थिर ठेवली. मॉर्डिनचा युक्तिवाद खरंच तसाच आहे, आकडेमोडीसकट. अण्णा हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी अडतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. १९७६ साली ते बावीस वर्षांचे, नोकरीत नवे. गावोगाव कॅम्प लागायचे, प्रत्येकाला ‘केसेस’चं टार्गेट, टार्गेट नाही भरलं तर पगार अडकायचा. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. “आम्हालाही आकडेच दाखवायचे,” अण्णा म्हणाले, “आणि आकडे खोटे नव्हते बरं का.” एका म्हाताऱ्याला, ज्याला काही उपयोगच नव्हता, त्यालाही त्यांनी जीपमध्ये बसवून नेलं होतं. केस भरली.

पडद्यावर मॉर्डिन टुचांका या क्रोगनांच्या ग्रहावर, एका पडक्या दवाखान्यात एका मेलेल्या क्रोगन बाईपाशी उभा होता. त्याचाच जुना विद्यार्थी, मेलन, पश्चात्तापाने वेडा होऊन जेनोफाजवर उतारा शोधत होता आणि त्यासाठी क्रोगनांवरच अघोरी प्रयोग करत होता. त्या प्रयोगांतून मिळालेला विदा (डेटा) ठेवायचा की जाळायचा, हे गेम तुम्हाला विचारतो. निळा-लाल इथेही असतो. पण त्या रात्री मी कोपऱ्यातली गुणांची पट्टी बघितलीच नाही. अण्णांना विचारलं. “ठेव,” ते म्हणाले. “घाण आहे, पण आहे तर कामाला येऊ दे.”

दुसरा भाग तिन्हींत सगळ्यात रेखीव आहे, यावर बहुतेकांचं एकमत आहे आणि माझंही. सोबत्यांना एकेक करून गोळा करायचं, त्यांची घरची भांडणं निस्तरायची, आणि शेवटी सगळ्यांना घेऊन जिथून कुणी परत आलं नाही अशा मोहिमेवर जायचं. कुणाला कुठलं काम देता यावर कोण जगणार ते ठरतं. ग्रहांवर खनिजं शोधत बसण्याचं काम मात्र कंटाळवाणं आहे. पण ते टाळाल तर जहाजाचं चिलखत सुधारणार नाही, आणि कुणीतरी वाटेतच मरेल. जहाजावरचे कर्मचारी पळवले गेल्यावर लगेच निघायचं असतं. मी ‘एवढं एक काम उरकते’ म्हणून दोन मोहिमा केल्या आणि निम्मे लोक गमावले. ही शिक्षा मला पटली.

जी पटली नाही ती मी मोडली. शेवटच्या लढाईत दणकट गडी, गॅरस आणि ग्रंट, मी सोबत नेले आणि मागे वाट राखायला बाकीचे ठेवले. परतल्यावर मॉर्डिन नव्हता. वाचलेल्यांना जहाजावर पोचवायला मी जेकबला पाठवलं होतं. त्या कामावर डॉक्टरला पाठवलं असतं तर तो जगला असता, हे नंतर कळलं. अण्णा झोपायला गेले होते. मी आधीची सेव्ह उघडली, दोन तास पुन्हा खेळले, डॉक्टरला कर्मचाऱ्यांबरोबर पाठवला. कायडनसाठी मी हे केलं नव्हतं. सकाळी चहा घेताना अण्णांनी विचारलं, “डॉक्टर वाचला का?” म्हटलं, वाचला.

तक्रारी आहेतच. पहिल्या भागात माको नावाची गाडी आता बरीच शहाणी झालीय, पण ओसाड ग्रहांवरची एकाच साच्यातली कोठारं तशीच आहेत. चक्रावर लिहिलेलं एक आणि शेपर्ड बोलते भलतंच, हे तिन्ही भागांत घडतं. दोनदा मी कुणाची समजूत काढायला गेले आणि तिने त्याला झापलं. यापेक्षा मोठी तक्रार अशी, की ज्या निवडींचा एवढा डांगोरा पिटला जातो त्यातल्या काही पुढे जाऊन सपाट होतात. पहिल्या भागात राक्नी या किड्यांसारख्या जातीच्या राणीला सोडायचं की मारायचं, यावर मी एक रविवार घालवला. तिसऱ्या भागात राक्नी असतातच. मारली असती तरी रीपरांनी दुसरी तयार केली असती. मंडळावर माणसांचा प्रतिनिधी म्हणून अँडरसनला बसवलं, तर तिसऱ्या भागात त्या खुर्चीत उडीना नावाचा दुसराच माणूस. मतदान करून मग पक्षांतर बघितल्यासारखं वाटलं.

शेवटाबद्दल २०१२ साली केवढा गदारोळ झाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये बायोवेअरने वाढीव शेवट फुकट दिला, आणि आता तोच आतमध्ये असतो. तरी शेवटी तीन रंगांचे तीन रस्तेच उभे राहतात (नकार देण्याचा चौथा मार्ग आहे, तो निवडणाऱ्याचं धैर्य दांडगं). मी रीपरांचा नाश निवडला. त्यात गेथ ही यंत्रमानवांची जातही संपते. गेथ आणि त्यांना घडवणारे क्वेरियन यांच्यात रॅनॉक ग्रहावर समेट घडवायला मी किती खटपट केली होती! टाली या क्वेरियन सोबतीणीला खटल्यातून निर्दोष सोडवण्यापासून ते लीजन या गेथ सोबत्याचं ऐकून घेण्यापर्यंत, दोन भाग खर्ची घातले होते. तो समेट या मालिकेतला सगळ्यात कमावलेला क्षण आहे आणि शेवट त्याला एका दमात पुसतो. कथेच्या दृष्टीने हे क्रूर असतं तर चाललं असतं. मला ते आळशी वाटलं.

पण टुचांकाने सगळं भरून काढलं. तिसऱ्या भागात मेलनच्या त्या घाणेरड्या डेटाचा उपयोग होतो: ईव्ह नावाची क्रोगन बाई जगते आणि उतारा तयार होतो. सॅलेरियनांची पुढारी गुपचूप सांगते, उतारा खोटा पाडा, आमचं सैन्य तुमचं. सैन्याची गरज तर असतेच. मी नाही म्हटलं. उतारा हवेत सोडायला मॉर्डिन स्वतः कोसळत्या मनोऱ्यावर चढतो. दुसऱ्या कुणाला जमणार नाही असं नाही, पण चुकेल, असं त्याचं म्हणणं. वर पोचून गाणं गुणगुणत, हात चालवत राहतो, आणि गाणं मध्येच तुटतं. अण्णा उठून पाणी प्यायला गेले. बराच वेळ स्वयंपाकघरात होते.

पैसे वसूल झाले का? झाले. पहिला भाग आधी जड जाईल. तो सोडून थेट दुसऱ्यावर जाण्याचा मोह होतो, जाऊ नका. आणि निदान एकदा गुणांची पट्टी न बघता खेळा.

सध्या दुसरी फेरी सुरू आहे, या वेळी लाल. वाचता वाचता कळलं की डॉक्टर जगण्याचा एक रस्ता आहे. विर्मायरवर रेक्स या क्रोगन सोबत्याला मरू द्यायचं, मेलनचा विदा जाळायचा, म्हणजे ईव्ह जगत नाही. मग क्रोगनांना आशाच उरली नाही हे मॉर्डिनला पटवता येतं, तो उतारा खोटा पाडतो आणि मनोऱ्यावर न जाता निघून जातो. अण्णांना हे कौतुकाने सांगितलं.

“मग तो पुढे काय करतो?”

म्हटलं, काही नाही, जगतो.

अण्णांनी पेपरची घडी घातली. “जाऊ दे त्याला वर,” म्हणाले, आणि आत गेले.