व्हीआर गेम झोनला जाताय? आधी पीडी लिहून घ्या

गेल्या रविवारी आम्ही चौघं पुण्यातल्या एका मॉलमधल्या व्हीआर गेम झोनमध्ये, म्हणजे डोळ्यांवर पडद्याचा हेडसेट चढवून आभासी खेळ खेळतात तिथे, गेलो. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि एकाहत्तरीची आई. माणशी 250 रुपये, 10 मिनिटं. जागा स्वच्छ, हेडसेटची गादी प्रत्येकानंतर पुसत होते. माझी तक्रार वेगळी आहे.

रोलर कोस्टरवर नवरा आरामात बसला. मी तिसऱ्या मिनिटाला हेडसेट काढला. मळमळत होतं, भुवयांच्या मध्ये ठणकत होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "लेडीजना होतंच मॅडम, सवय नसते ना."

माझं चष्म्याचं दुकान आहे. बावीस वर्षं लोकांची पीडी, म्हणजे डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतेय. हेडसेटच्या दोन भिंगांमधलं अंतर पीडीएवढं हवं. उलटा करून पाहिला, तर भिंगं शेवटच्या खाचेवर, 68 मिलिमीटरला. नवऱ्याची पीडी 66, माझी 58. सकाळपासून खाच कुणी हलवलीच नव्हती.

पुरुषांची पीडी सरासरी 64च्या आसपास असते, बायकांची 62च्या. पण 58-59वाल्या बायका माझ्याकडे रोज येतात. संशोधक के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं: हेडसेट पीडीला नीट बसला आणि मुळात गाडी लागण्याचा फारसा त्रास नसला, तर बायकांना पुरुषांसारखाच अनुभव येतो. म्हणून त्या मुलाचं वाक्य मला लागलं. ते ऐकून किती जणी 'आपल्याला झेपत नाही' म्हणून घरी गेल्या असतील!

मी भिंगं बोटांनी 58वर सरकवली, पुन्हा पैसे भरले आणि पूर्ण 10 मिनिटं बसले. पोटात गोळा आला तो उतारावर, यायला हवा तिथेच.

आईला तर तो मुलगा "आजी, तुम्ही नुसतं बघा" म्हणत होता. मागचा पट्टा तिच्या अंबाड्यावर टिकेना आणि अर्ध्या किलोचा हेडसेट नाकावर उतरायचा. अंबाडा सोडून सैल वेणी घातली, पट्टा कवटीच्या उंचवट्याखाली नेला. लांबचं-जवळचं दोन्हीचा बायफोकल चष्मा काढून तिचा लांबचा चष्मा दिला. पडदा डोळ्यांजवळ असला तरी हेडसेटच्या भिंगांमुळे चित्र साधारण एक-दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं, त्यामुळे वाचायच्या भागातून ते धूसर होतं. हात असलेली खुर्ची मागून घेतली. समुद्राखालचा देखावा लावल्यावर तिने उजवा हात पुढे केला, हळूच, गोठ्यातल्या वासराला लावावा तसा. समोर देवमासा होता.

लेकीची पीडी 55. सगळ्यात लहान खाच 58ची, म्हणून पाच मिनिटांत थांबवलं. ती रुसली. मेटा कंपनी आपल्या हेडसेटवर वयाच्या 10 वर्षांपासून परवानगी देते, तीही 10 ते 12च्या मुलांना पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यातून. इथे वय कुणी विचारलं नाही.

पाचपैकी तीन तारे. चष्म्याच्या कागदावर पीडी बहुतेकदा नसते, दुकानात मागून घ्या. निघताना माझी पीडी मोजायची पट्टी त्या मुलाला दिली आणि कशी धरायची ते दाखवलं. त्याने पहिली स्वतःचीच मोजून घेतली. 61 निघाली.