अकरा महिने पडद्याआडचे लेखन : शब्द मोजणाऱ्या चौकटीचा अनुभव

५,०४० शब्दांचा पूर्ण झालेला मजकूर मी फ्रीलान्स कामे मिळवून देणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाच्या शब्द मोजणाऱ्या चौकटीत चिकटवला, तेव्हा खाली '१४ शब्द' असा आकडा उमटला. मुदत संपायला दोन तास उरले होते. यंत्रणेने ऑर्डर 'अपूर्ण' ठरवून परत केली, मुदत उलटली, पैसे अडकले आणि माझ्या खात्यावर उशिराचा शिक्का बसला. या संकेतस्थळावर इतरांच्या नावाने लिहिण्याचे काम मी अकरा महिने करत आहे. खाते कसे उघडावे, प्रोफाइल कशी सजवावी यावर पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून ते येथे देत नाही. मराठीत काम करणाऱ्याला जो त्रास होतो आणि ज्याबद्दल मला आधी कोणी सावध केले नाही, त्याविषयी लिहीत आहे.

मी चौदा वर्षे साताऱ्यात एका जिल्हा दैनिकात मुद्रितशोधक होते. तो विभाग बंद झाल्यावर घरून करण्याजोगे काम शोधताना ही वाट दिसली. आपल्याकडे 'शब्दांकन' जुनेच आहे. कोणी आठवणी सांगतो, दुसरा लिहून काढतो आणि पुस्तकावर 'शब्दांकन' म्हणून त्याचे नाव लहान अक्षरांत येते. पडद्याआडच्या लेखनात तेवढेही नाव नसते. मला नावाचे फारसे दुःख नाही, पण सुरुवात करणाऱ्याला त्याची व्यावहारिक अडचण फार होते, कारण केलेले काम दाखवता येत नाही आणि दाखवल्याशिवाय नवे काम मिळत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मी ४३ प्रस्ताव पाठवले. प्रत्येक प्रस्तावासाठी संकेतस्थळ सुमारे ५० रुपयांचे क्रेडिट घेते, म्हणजे एकही काम हाती नसताना माझे २,१५० रुपये गेले होते. उत्तरे दोनच आली. अखेर मी शेजारच्या निवृत्त एसटी चालक काकांच्या परवानगीने त्यांच्या आठवणींची चार पाने लिहिली आणि नमुना म्हणून तीच जोडली. त्यानंतर पहिले काम मिळाले. नव्याने येणाऱ्यांनी प्रस्तावांवर पैसे घालवण्याआधी असा एक परवानगीचा नमुना तयार ठेवावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

ते पहिले मोठे काम न्यू जर्सीतील एका मराठी कुटुंबाचे होते. वडिलांच्या पंचाहत्तरीच्या स्मरणिकेसाठी त्यांच्या जीवनावर दीर्घ लेख हवा होता आणि तो मुलाच्या नावाने छापला जाणार होता. (कुटुंबाने या अनुभवाबद्दल लिहायला संमती दिली आहे, ओळख पटेल असे काही मी देणार नाही.) दर शब्दाला ४ सेंट, मर्यादा ५,००० शब्दांची, म्हणजे २०० डॉलर. संकेतस्थळाचे २० टक्के वजा जाऊन १६० डॉलर राहिले आणि पैसे काढण्याचे शुल्क व चलनबदल धरून बँकेत १३,२०० रुपये जमा होणार होते. मुलाखतींचे सहा तास, त्या ऐकून उतरवणे, लिहिणे आणि सुधारणे मिळून माझे ५८ तास गेले. तासाला सुमारे २२८ रुपये. ही रक्कम मला त्या वेळी कमी वाटली नाही, कारण काम आवडीचे होते आणि आजोबा उत्तम बोलत होते. मोबाइलवरील श्रुतलेखनाला त्यांची माणदेशी बोली समजली नाही, तेव्हा सगळे कानाने ऐकून हाताने उतरवले, आणि त्यामुळेच लेखात त्यांचा आवाज टिकला असे मी मानते.

आता त्या चौदा शब्दांकडे येते. मदत विभागाशी एकोणीस दिवसांत अकरा मेल झाले. पहिल्या सात उत्तरांत 'कृपया शब्दमर्यादा पूर्ण करा' हेच वाक्य होते. मी लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्राममधील मोजणीचे चित्र पाठवले, संपूर्ण फाइल पाठवली, ग्राहकाचे समाधानाचे पत्र पाठवले. शेवटी माझ्या भाच्याने, जो संगणक अभियंता आहे, ते चौदा शब्द शोधून दाखवले. लेखात रोमन लिपीत राहिलेली दोन-तीन नावे, एका पदवीची आद्याक्षरे आणि इंग्रजी अंकांत लिहिलेली काही साले, हेच ते चौदा होते. मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये 'शब्दातील अक्षर' म्हणजे रोमन वर्णमालेतील सव्वीस अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेषा (_), एवढीच व्याख्या होती. देवनागरी अक्षरे तिच्या लेखी विरामचिन्हांसारखी होती. माझे ५८ तास आणि एका माणसाची पंचाहत्तर वर्षे त्या चौकटीला कोरा कागद वाटत होती, हे कळल्यावर मला जो संताप आला तो अजून पूर्ण ओसरलेला नाही.

विसाव्या दिवशी एका माणसाने प्रत्यक्ष फाइल उघडून पाहिली आणि पैसे मोकळे केले. मात्र उशिराचा शिक्का काढला नाही. सहा कामांपैकी पाच वेळेवर, म्हणून माझ्या नावापुढे ८३ टक्के दिसतात, आणि नव्वदच्या खालच्या लेखकांना शोधात मागे टाकले जाते.

येथपर्यंतचा मजकूर मी आठव्या महिन्यात लिहून ठेवला होता आणि शेवटी 'मराठीत लिहिणाऱ्यांनी या संकेतस्थळाच्या वाटेला जाऊ नये' असे वाक्यही होते. ते वाक्य आता काढले आहे, कारण नंतर दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी की त्यांनी चौकट दुरुस्त केली. माझ्या तक्रारीमुळे की आणखी कोणाच्या, हे कळवले नाही, पण ती आता देवनागरी ओळखते. मात्र ती अक्षरे ओळखते, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ओळखत नाही. तांत्रिक भाषेत ही चिन्हे 'अक्षर' या वर्गात न बसता वेगळ्या 'चिन्ह' वर्गात पडतात आणि प्रोग्राम तेथे शब्द तोडतो. त्यामुळे 'घर' हा एक शब्द ठरतो, 'किती' हे दोन होतात आणि 'शब्दांकन' तर तीन. पुण्याच्या एका ग्राहकासाठी लिहिलेला ३,००० शब्दांचा मजकूर चौकटीने ६,८७० शब्दांचा दाखवला आणि जादा शब्दांचे बिल आपोआप त्यांच्याकडे गेले. त्यांचा रागावलेला संदेश वाचून मला फार लाज वाटली. मी तत्काळ जादा रक्कम रद्द केली आणि खरी मोजणी पाठवली. त्यांनी पुढचे काम मलाच दिले, हे येथे आवर्जून नोंदवते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. चौकट बिघडलेली आहे, ती नीट झाली की प्रश्न सुटेल, असे मी समजत होते. पुण्याच्या कामानंतर मी स्वतःच्या जुन्या मजकुरांतील शब्द मोजत बसले आणि लक्षात आले की मराठीत शब्दावर दर लावणेच अन्यायाचे आहे. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. 'घराबाहेरच्यांनीसुद्धा' हा मराठीत एक शब्द आहे, तेच इंग्रजीत सांगायला किमान पाच-सहा शब्द लागतात. इंग्रजी लेखकाचा दर पाहून मी माझा दर ठरवला होता, पण तेवढाच आशय मी कमी शब्दांत देत होते आणि तेवढे कमी पैसे घेत होते. याहून वाईट म्हणजे हा दर अशुद्ध लिहिणाऱ्याला बक्षीस देतो. 'मित्रांबरोबर' लिहिले तर एका शब्दाचे पैसे आणि 'मित्रां बरोबर' असे तोडले तर दोन शब्दांचे. शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचे, हा नियम मी चौदा वर्षे इतरांच्या मजकुरावर लाल शाईने लिहीत आले आहे. नवव्या महिन्यात वीजबिल भरायचे असताना एका मसुद्यात माझ्याच बोटांनी 'गावा मध्ये' असे टंकले गेले. ते मी जाणूनबुजून केले की नकळत, याचा उलगडा मला आजही झालेला नाही, पण त्या रात्री पूर्ण मसुदा पुन्हा तपासून मी प्रत्येक अव्यय जोडले आणि शब्दावरचा दर कायमचा सोडला.

आता मी प्रकरणावर दर सांगते. मुलाखतीच्या तासांचे वेगळे, प्रत्येक प्रकरणाचे वेगळे, दोन वेळा दुरुस्ती त्यातच, तिसऱ्यांदा केल्यास वेगळा आकार. तीस टक्के आधी घेतल्याशिवाय मुलाखतीला बसत नाही. संकेतस्थळावर 'ठरावीक रक्कम' हा पर्याय आधीपासून होता. चौकट त्याही ऑर्डरमध्ये दिसते, पण तिच्या आकड्यावर पैसे अवलंबून राहत नाहीत. हा पर्याय मी पहिल्या दिवशी निवडला असता तर एकोणीस दिवसांचे भांडण झालेच नसते, हे मान्य करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

कराराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक नवे लेखक 'सर्व हक्क ग्राहकाचे' एवढ्या एका ओळीवर सही करतात आणि ग्राहकही तेवढ्यावर निर्धास्त राहतात. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार आपण नोकर म्हणून नव्हे तर स्वतंत्रपणे पुस्तक लिहून देतो तेव्हा, उलट करार नसेल तर, कॉपीराइटचा पहिला मालक साधारणपणे लिहिणाराच असतो. तो ग्राहकाकडे जाण्यासाठी कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेले हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण फक्त भारतापुरते मानले जाते. न्यू जर्सीच्या कुटुंबासाठी म्हणूनच मी 'संपूर्ण जगासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी' हे शब्द स्वतःहून घातले. नाहीतर त्यांच्या वडिलांच्या जीवनावरच्या लेखाचा अमेरिकेतला हक्क माझ्याकडेच राहिला असता, आणि ते मला कोणत्याही अर्थाने योग्य वाटत नाही. त्याच वेळी 'पूर्ण मोबदला मिळाल्यानंतरच हे हस्तांतरण लागू होईल' ही ओळही मी सोडत नाही. पैसे अडकले होते त्या दिवसांत माझ्या हातात आधार म्हणून हीच एक ओळ होती. कलम ५७ मध्ये लेखकाचे म्हणून जे विशेष हक्क आहेत ते कॉपीराइट दिल्यानंतरही वेगळे उरतात. म्हणून लेखन माझे आहे असा दावा मी जाहीरपणे करणार नाही, एवढे वचन मी गोपनीयतेच्या कलमात स्पष्ट शब्दांत देते. ग्राहक ते वाचून निश्चिंत होतो आणि मोकळेपणाने बोलतो.

कराविषयी एकच गोष्ट सांगते. एका कंपनीच्या संचालकांसाठी भाषणे लिहिली तेव्हा मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापला गेला. ती रक्कम गेली असे समजू नये. आयकर खात्याकडील आपल्या कर-नोंदीत (माझ्या वेळी तो फॉर्म २६एएस होता) ती दिसते आणि विवरणपत्र भरताना आपल्या करात वळती होते किंवा परत मिळते.

यंत्राने लिहिलेला मसुदा 'माणसाने लिहिल्यासारखा करून द्या' अशी कामे आता पुष्कळ येतात. दर अगदी थोडा असतो आणि मसुद्यात माणूस मुळातच नसतो. मी ती घेत नाही.

सध्या संकेतस्थळाचा उपयोग मी पहिल्या ओळखीसाठी आणि परदेशातून येणाऱ्या पैशांच्या सुरक्षिततेसाठी करते. २० टक्के मला जड वाटतात, तरी अनोळखी ग्राहकाने आधीच पैसे तेथे ठेवलेले असणे हा मोठा आधार आहे. हे मी आठव्या महिन्यात मान्य केले नव्हते. गावातली कामे थेट येऊ लागली आहेत. काल मी मदत विभागाला बारावा मेल पाठवला. त्यात 'घर', 'किती' आणि 'शब्दांकन' हे तीन शब्द, प्रत्येकापुढे चौकट दाखवते तो आकडा आणि त्यापुढे खरा आकडा लिहिला आहे, आणि खाली माझ्या ८३ टक्क्यांचा पुनर्विचार करण्याची विनंती केली आहे. तेथे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हेच तीन शब्द चौकटीत टाकून पाहावेत आणि आकडा चुकीचा आला तर आपल्या खात्यावरूनही तक्रार नोंदवावी.