टेक्सन पीएल-३३०: पावसाळा काढल्यानंतर काय टिकलं, काय फुगलं

बॅटरी फुगली. टेक्सन पीएल-३३० या छोट्या रेडिओचं पाठीमागचं झाकण एका कोपऱ्यातून उचललं जायला लागलं आणि अंगठ्याने दाबूनही बसेना, म्हणून हे आता लिहितोय. वैशिष्ट्यांची यादी विकणाऱ्यांनी दिलेलीच असते: शॉर्टवेव्ह (लांबची केंद्रं येतात त्या लहरी), एसएसबी (विमानांचं हवामान आणि हौशी रेडिओवाले यांचं बोलणं ज्या पद्धतीने येतं ती), दोन नॉब, बाहेरच्या अँटेनासाठी साडेतीन मिलिमीटरचं सॉकेट, खिशात मावणारा आकार. ती इथे परत उगाळत नाही.

तर बॅटरी. यात बीएल-५सी बसते, म्हणजे आपल्या नोकिया ११०० मधली. कागदावर हा मोठाच गुण आहे. दहा वर्षांनीही तालुक्याच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानात ती मिळेल आणि कंपनीकडे हात पसरावे लागणार नाहीत. गोम अशी की काउंटरवर जे मिळतं ते बहुतेक वेळा फक्त आकाराने बीएल-५सी असतं. वेष्टनावर २४०० एमएएच वगैरे छापलेलं दिसलं की तिथूनच परत फिरावं. नोकियाच्या स्वतःच्या या मापाच्या बॅटऱ्या ८५०, ९७०, १०२० एमएएच अशा आल्या. त्याच डबीत दुप्पट माल कुठून मावणार? अशी बॅटरी हातात हलकी लागते, पहिले काही आठवडे बरी चालते आणि मग पोट सुटतं.

घेताना दुकानातच दोन गोष्टी बघाव्यात. एक, बॅटरी काचेच्या काउंटरवर आडवी ठेवून बोटाने गिरकी द्यायची. भोवऱ्यासारखी फिरली तर मधे फुगवटा आहे, ठेवून द्या. सपाट बॅटरी घासटत लगेच थांबते. दोन, मल्टिमीटर बरोबर असेल तर पूर्ण चार्ज झालेली बॅटरी ४.१५ ते ४.२ व्होल्ट दाखवायला हवी आणि रात्रभर नुसती ठेवून सकाळी ४.१ च्या खाली गेलेली नसावी. घरच्या खणातली जुनी अस्सल बॅटरी वापरणार असाल तर तिचा जन्म बघा. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल नोकियाने २००७ मध्ये इशारा दिला होता, आणि तेव्हा आपल्याकडे जो तो मोबाइल उघडून बॅटरीवरचा नंबर वाचत बसला होता. त्यातली एखादी अजून पडून असली तर ती रेडिओत घालू नका. फुगलेलीला टाचणी लावणं, दाबून सपाट करणं हे उद्योग करू नयेत, आणि ती ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बॅटरीच्या जोडीला चार्जिंग. सॉकेट मायक्रो-यूएसबीचं आहे, आजच्या काळात ते जुनाट वाटतं, पण खरी अडचण वेगळीच. चार्जर लावून शॉर्टवेव्ह ऐकता येत नाही. मोबाइलचा चार्जर आत काही दहा-वीस ते शंभर किलोहर्ट्झच्या वेगाने चालू-बंद होत असतो. त्याचे पडसाद पट्टाभर ठरावीक अंतराने गुरगुरत बसतात. शिवाय केबलमुळे रेडिओची ग्राउंड चार्जरमार्फत घरच्या वायरिंगशी जोडली जाते, म्हणजे घरभरची घाण अँटेनाच्या वाटेने आत. पॉवर बँकेवर हा त्रास कमी होतो, जात नाही, कारण तिच्यातही व्होल्टेज चढवणारं सर्किट असतंच. केबलचे पाच-सहा वेढे खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यात घेतले तर ४१ आणि ३१ मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यांवर फरक कळतो. पूर्ण शांतता हवी तर जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर करावा लागतो: ९ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, ५ व्होल्ट देणारी ७८०५ आयसी आणि तिच्या दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रोफॅरड. हीटसिंक विसरू नका, चार्जिंगच्या वेळी ७८०५ मध्ये दोन-अडीच वॅट नुसते उष्णतेत जातात.

लिहायला घेतलं तेव्हा या बॅटरी प्रकरणासाठी रेडिओच्या गुणांतले दोन तारे कापायचे ठरवले होते. आता एकच कापतो. चांगल्या दोन बॅटऱ्या घ्यायच्या, एक रेडिओत, दुसरी चार्ज करून तयार, की चार्जर लावून ऐकायची वेळच येत नाही. आत सीलबंद बॅटरी असलेल्या रेडिओला हे करता आलं नसतं. तिन्ही पितळी टोकं मात्र अधूनमधून खोडरबराने पुसा. आपल्या दमट हवेत तिथे थर बसतो आणि आवाज वाढवला की रेडिओ आपोआप बंद पडतो. मग लोक बॅटरी गेली म्हणून नवी आणतात.

आता ऐकण्याकडे. नवा रेडिओ हॉलमध्ये बसून लावला तर खरखरीशिवाय काही येणार नाही आणि तो बहिरा वाटेल. आधी घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा आणि रेडिओ बॅटरीवर चालू ठेवा. खरखर एकदम गळून पडली तर दोष घरात आहे. मग एकेक एमसीबी वर करत जायचं. बहुतेक घरांत गुन्हेगार ठरलेले असतात: स्वस्तातले एलईडी बल्ब, राउटरचा अडॅप्टर, इंडक्शन शेगडी. राउटरचा अडॅप्टर बदलणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली तर ती शेजाऱ्याची किंवा गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरची, आणि तिथे तुमचं काही चालत नाही. खिडकीपाशी किंवा गच्चीत जा.

अँटेनासाठी पितळी काठीवर समाधान मानू नका. सात ते दहा मीटर साधी प्लास्टिक आवरणाची बारीक वायर, साडेतीन मिलिमीटरचा मोनो पिन, टोकाला वायर. पिनच्या बाहेरच्या भागाला तेवढ्याच लांबीची दुसरी वायर जोडून ती जमिनीलगत लोळू द्या, खरखर आणखी थोडी खाली येते. वायर लोखंडी ग्रिलला समांतर बांधू नका, बाहेर काढा. लांबी वाढवली की आवाज वाढेल हा समज खोटा आहे. मालाड-मार्वे भागात राहणाऱ्यांना तर वेगळाच अनुभव येईल: आकाशवाणीचे मध्यम लहरीचे प्रक्षेपक जवळ असल्यामुळे लांब वायर लावताच शॉर्टवेव्हवर जिथे-तिथे तेच कार्यक्रम उमटतात. तिथे तीन मीटर पुरे, किंवा नुसती काठी, तीही अर्धी. काठी बुडाशी धरून वाकवा, टोकाला धरून नाही. सांधा सैल होतो तो यामुळेच.

मिडियम वेव्हची पायरी, म्हणजे सुई एका वेळी जेवढी सरकते ती, ९ किलोहर्ट्झवर आणा. १० वर राहिली तर आकाशवाणी पुण्याच्या ७९२ ऐवजी ७९० वर थांबाल आणि आवाज घशातून आल्यासारखा फाटेल.

ईटीएम म्हणजे आपोआप केंद्रं शोधणारी सोय. ती एकदा चालवून हाताची घडी घालून बसू नये. ती तासागणिक वेगळी यादी साठवते हाच तिचा उपयोग. दुपारी १९ आणि १६ मीटर, संध्याकाळी २५ आणि ३१, रात्री ४१ आणि ४९, अशा वेळा पकडून चालवा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरची वेळापत्रकं बदलतात, तेव्हा जुनी यादी पुसून नवी करा. वेळापत्रकं यूटीसी या जागतिक वेळेत असतात, साडेपाच तास मिळवायचे. आणि अपेक्षा बेताची ठेवा. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला थांबलं, रेडिओ ऑस्ट्रेलियाचं त्याआधी तीन वर्षं. चीनचं केंद्र मात्र जिथे सुई नेली तिथे आहे. आकाशवाणीचं डीआरएम हे डिजिटल प्रक्षेपण या रेडिओवर नुसतं फुसफुसतं, तो बिघाड नव्हे.

या पैशांत खरी मजा एसएसबीची आहे. तपासायला उत्तम ठिकाण म्हणजे मुंबईचं व्होल्मेट, ११३८७ किलोहर्ट्झ, यूएसबी (चार्जिंगचं यूएसबी नव्हे, एसएसबीची वरची बाजू; एलएसबी म्हणजे खालची). विमानांसाठी विमानतळांचं हवामान वाचून दाखवतात. त्यांची पाळी दर तासाच्या २५ आणि ५५ व्या मिनिटाला, आणि साडेपाच तासांचा फरक असल्यामुळे आपल्या घड्याळातही तेच दोन आकडे येतात. पट्टारुंदी (बँडविड्थ) २.२ किलोहर्ट्झवर ठेवली तर बोलणं स्वच्छ येतं. हौशी रेडिओवाले ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये एलएसबीवर भेटतात, १४ मेगाहर्ट्झवर यूएसबी.

आवाज बदकासारखा येत असेल तर रेडिओची वारंवारितेची मोजणी सरकलेली आहे. १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र रात्री सापडतं. यूएसबीत ९९९९ वर जा, शिट्टी ऐका. मग एलएसबीत १०००१ वर तीच शिट्टी ऐका. दोन्ही सूर एक असले तर रेडिओ सरळ आहे. वेगळे असले तर त्यांतल्या फरकाच्या निम्मी चूक. हे रेडिओ अर्धा तास चालू राहिल्यावर करा, थंड असताना नाही. सिंक डिटेक्शन, म्हणजे वर-खाली होणारा आवाज सावरायची सोयही दिलीय, त्याच्या नादी लागू नका. पकड सुटली की केकाटतं. असं फेडिंग असेल तेव्हा एसएसबीत केंद्राच्या मूळ वाहक लहरीवर नेमकं बसून ऐकणं जास्त भरवशाचं.

वळवाच्या दिवसांत ४९ मीटर आणि त्याहून जास्त मीटरचे पट्टे विसरायचे, कडकडाटापुढे काही टिकत नाही. ढग गडगडायला लागले की बाहेरच्या वायरचा पिन काढून खिडकीबाहेर टाकायचा, नुसता रेडिओ बंद करून भागत नाही. वीज जवळ पडायची गरज नसते, वायरवर साठलेला स्थिर भारही रेडिओतला अँटेनालगतचा टप्पा जाळू शकतो, आणि एवढ्याशा रेडिओतला तो भाग बदलून देणारा कारागीर आता शोधूनही सापडत नाही.