वनहक्क दाव्याची फाईल करायचीय? कलेक्टर ऑफिसजवळचं टायपिंगचं दुकान, सातारा

चार स्टार. एक का कापला ते खाली लिवलंय.

आमच्या मामांचा धनगरवाडा कोयनेच्या वरच्या अंगाला, पार जंगलात. गवळी धनगर असल्यामुळं आदिवासींच्या यादीत नाही, म्हणून जंगलात राहणाऱ्यांना तिथल्या जमिनीचा, चराईचा हक्क देणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' मध्ये येतात आणि तिथं १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हंजे ७५ वर्षं तिथंच राहून जंगलावर पोट भरल्याचं दाखवावं लागतं. आता म्हशी राखणाऱ्या माणसाला तेव्हा कागद कुणी दिला असणार? आधी एका ठिकाणी गेलो तर त्यानं पहिल्यांदा सातबाराच मागितला, अवो सातबारा असता तर दावा कशाला केला असता!

या दुकानातल्या दादांनी मामांना आधी खुर्ची दिली आणि विचारलं, "मामा, वाड्यावर जुना पाणवठा कुठाय, जुनी माणसं कुठं पुरलीत, देव कुठला?" कारण या कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये घर, बांध, विहीर, दफनाची जागा, देवस्थान हे सगळं पुरावा म्हणून चालतं, आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबपण चालतो, फक्त एकापेक्षा जास्त पुरावे पायजेत. नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीत तर दावा तपासणाऱ्या समितीनं अमुकच कागद आणा म्हणून अडवायचं नाही असं सरळ लिवलंय, ते पान दादांनी फाईलला लावूनच दिलं.

कोरा फॉर्म विकत नाहीत, तो फुकट मिळतो असं सांगतात, पैसे फक्त टायपिंगचे. दावा आधी ग्रामसभेत द्या, मग तो प्रांताच्या समितीकडं, मग जिल्ह्याच्या समितीकडं जातो, आणि नामंजूर झाला तर कारण लेखी मागा, अपिलाला ६० दिवस असतात हेपण न विचारता सांगितलं.

आता स्टार का कापला. नकाशाची झेरॉक्स काळीकुट्ट आली, ते एक वेळ सोडा, पण सामूहिक, म्हंजे अख्ख्या वाड्यानं मिळून करायच्या दाव्याचं विचारलं की दादा विषय बदलतात. वाड्याला खरी गरज चराईच्या हक्काची, एकट्या मामांच्या तुकड्यानं म्हशी जगत नाहीत. त्यात २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला म्हंजे सगळं संपलं असं बरेच जण धरून बसलेत, कायदा तर अभयारण्यालाबी लागू आहे.

वैयक्तिक दाव्यासाठी डोळे झाकून जा, सोमवारी गर्दी असती. सामूहिकचं काम येणारं कुणी पाटण-सातारा भागात माहीत असंल तर खाली टाका.