एटीआरची नोकरी, अठरा लाख आणि एक बनावट नियुक्तीपत्र

माझ्याकडे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे आणि त्यासाठी लागणारे २०० तासांचे उड्डाण मी पूर्ण केले आहे. तरीही परवाना हाती आल्यानंतर अडीच वर्षे मी वाळपईच्या घरी बसून होतो. या अडीच वर्षांत इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची पात्रता, चालू ठेवण्यासाठी दरवर्षी चाचणी द्यावी लागली, वर्ग १ची वैद्यकीय तपासणी दरवर्षी करावी लागली आणि त्या प्रत्येक वेळी खर्चासाठी बाबांपुढे हात पसरावा लागला. आम्हाला लुबाडणाऱ्या माणसाला ही ओढाताण पुरती ठाऊक होती, म्हणूनच मी ती आधी सांगतो आहे.

५ जानेवारी २०२३ रोजी मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि मार्च २०२४पासून तिथून एटीआर ७२ जातीची, सुमारे सत्तर आसनांची विमाने लहान शहरांकडे जाऊ लागली. गोव्यातल्या आम्हा तरुण वैमानिकांना तेव्हा पहिल्यांदा वाटले की नोकरी घराजवळही मिळू शकेल. पणजीत कार्यालय थाटून बसलेल्या त्या मध्यस्थाने नेमकी हीच आशा हेरली. परराज्यातील एक प्रादेशिक विमान कंपनी लवकरच मोपाला तळ उभारणार आहे, तिला एटीआरचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचे विमान चालवण्याची पात्रता, असलेले फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, तातडीने हवे आहेत आणि प्रशिक्षणासह नोकरीची हमी आपण देतो, असे त्याने सांगितले. त्या कंपनीला यातले काहीही माहीत नव्हते, हे आम्हाला फार उशिरा कळले. बाबांना तो म्हणाला, "भाऊ, चतुर्थीला तुमचा मुलगा युनिफॉर्ममध्ये घरी येईल." बाबांनी काजूची बाग पतसंस्थेकडे गहाण ठेवून अठरा लाख रुपये तीन हप्त्यांत भरले. पहिला हप्ता मध्यस्थाच्या संस्थेच्या नावाने घेतला गेला, पुढचे दोन एका व्यक्तीच्या खात्यात मागितले गेले, आणि तरीही आम्ही ते दिले.

'प्रशिक्षणा'साठी मला परराज्यात नेण्यात आले. तिथे एका हॉलमध्ये कॉकपिटची प्रतिकृती होती, पण ती जागच्या जागी स्थिर होती. टाइप रेटिंगसाठी वापरला जाणारा पूर्ण सिम्युलेटर यांत्रिक पायांवर हलतो आणि त्याला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असावी लागते. मी मान्यतापत्र पाहायला मागितले, तेव्हा ते मुख्य कार्यालयात असल्याचे उत्तर मिळाले. चार दिवसांनी मला प्रमाणपत्र देण्यात आले. खऱ्या टाइप रेटिंगची नोंद डीजीसीएकडून परवान्यावर व्हावी लागते, नुसत्या प्रमाणपत्राला काही किंमत नसते, हे मला माहीत होते. पण इतके पैसे गेल्यावर शंका काढायची भीती वाटू लागते. माझी सर्वांत मोठी चूक कोणती, असे कोणी विचारले तर मी हेच गप्प बसणे सांगेन.

ऑगस्ट २०२५मध्ये नियुक्तीपत्र आले. घरात पेढे वाटले गेले. सुदैवाने माझा एक मित्र एटीआरवर फर्स्ट ऑफिसर आहे. त्याला मी ते पत्र अभिमानाने पाठवले आणि त्याने ते वाचून तासाभरातच फोन केला. पत्रात साप्ताहिक विश्रांती सलग २४ तास लिहिली होती. डीजीसीएच्या नियमात ती पूर्वी ३६ तास होती आणि १ जुलै २०२५पासून ४८ तास झाली आहे, म्हणजे २४ तासांचा आकडा कुठल्याच नियमात बसत नव्हता. नोकरी सोडण्यासाठी एक महिन्याची पूर्वसूचना पुरेशी, असे त्यात म्हटले होते. सहवैमानिकाला २०१७पासून सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. आणि वर्षभरात कॅप्टनपदाची खात्री दिली होती. त्यावर मित्र म्हणाला, "अरे, साधा हिशेब कर. वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, तुझे २०० धरले तरी १२०० होतात, आणि कॅप्टन व्हायला एटीपीएल हा जो वरचा परवाना लागतो त्यालाच १५०० तास हवेत." रोज रात्री घरी परत, हे आश्वासनही त्याला खोटे वाटले, कारण प्रादेशिक मार्गांवर एका दिवसात चार-पाच लहान फेऱ्या कराव्या लागतात आणि मुक्काम कुठे पडेल ते रोस्टर, म्हणजे कामाचे वेळापत्रक, ठरवते. या व्यवसायात उतरू पाहणारा मी, पण त्यातले काम प्रत्यक्षात कसे चालते याची मी कधी नीट चौकशीच केली नव्हती, आणि म्हणून पत्रातली प्रत्येक गोड ओळ मला खरी वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पणजीला गेलो, तेव्हा कार्यालयाला कुलूप होते. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवली. पण शेवटचा हप्ता देऊन चार महिने उलटले होते आणि खात्यात काहीही शिल्लक नव्हते. बाबा माझ्यावर एकदाही रागावले नाहीत. बागेचे हप्ते आता मी एका खाजगी शिकवणीत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवून फेडतो आहे आणि कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर जाहीर होणाऱ्या भरतीसाठीच अर्ज करतो आहे.

गेल्या महिन्यात डिचोलीचे एक गृहस्थ मुलीला मिळालेले नियुक्तीपत्र घेऊन माझ्याकडे आले. मध्यस्थाचे नाव वेगळे होते, विमानही वेगळे होते, पण २४ तासांची विश्रांती आणि एक महिन्याची पूर्वसूचना जशीच्या तशी होती. त्यांनी पहिला हप्ता आदल्याच दिवशी भरला होता. आमच्या ओसरीवर बसूनच आम्ही १९३०ला फोन लावला, आणि ती रक्कम गोठवल्याचे बँकेने त्यांना दुसऱ्या दिवशी कळवले.