गोव्यातील एए गटाची ऑनलाइन मीटिंग आणि स्विंडनमधील वास्तव्य: काही महिन्यांच्या वापरानंतर

दारू सोडलेल्या माणसाने परदेशात स्थिरावताना गावच्या गटाच्या ऑनलाइन मीटिंगवर कितपत विसंबावे, एवढ्याच प्रश्नापुरता हा अनुभव आहे. फोंडा तालुक्यातून इंग्लंडमधील स्विंडनला गेल्यापासून, म्हणजे गेल्या ऑक्टोबरपासून यंदाच्या चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत), अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परसाहाय्याच्या चळवळीतील आमच्या गोव्यातील गटाची मीटिंग मी मोबाइलवरून नियमित वापरली. सुरुवातीचे आठवडे तिच्यावाचून निभले नसते. मात्र केवळ तिच्यावर राहिलो असतो, तर शरीराने स्विंडनला आणि मनाने फोंड्यालाच राहिलो असतो, असे माझे मत झाले आहे.

गोव्याबाहेर पडले की दारू आपोआप सुटते, अशी समजूत आमच्याकडील पुष्कळ घरांत आढळते. हुर्राकाचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) हंगाम, पावलापावलावरचे बार आणि शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त बाटली यांमुळे ती स्वाभाविकही वाटते. प्रत्यक्षात विमानापासूनच वाइन विनामूल्य पुढे येते, इंग्लंडमधील सुपरमार्केटात ती दूध-पावाबरोबर एकाच छपराखाली मिळते आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. शिवाय फोंड्याच्या बाजारात ओळखीचे कोणी पाहील हा जो धाक नकळत आपले काम करत असतो, तो तिथे उरत नाही.

ऑनलाइन मीटिंगच्या बाबतीत सर्वांत आधी विचार करावा तो वेळेचा. गोवा आणि इंग्लंड यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेपाच तासांचे आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते, कारण तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे नेतात. आमची रात्री साडेआठची मीटिंग त्यामुळे स्विंडनमध्ये हिवाळ्यात दुपारी तीनला आणि उन्हाळ्यात चारला येते. गोदामातील सकाळची पाळी दुपारी दोनला संपत असे, तेव्हा ही वेळ अगदी सोयीची होती. दुपारची पाळी लागली की मात्र मीटिंग कामाच्या वेळेत जाई, आणि रात्री दहाला सुटल्यावर, म्हणजे जेव्हा कोणाशी तरी बोलण्याची खरी निकड असे, तेव्हा गोव्यात पहाटेचे अडीच-साडेतीन वाजलेले असत. स्पॉन्सरनी, म्हणजे गटात मला वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्यांनी, ‘केव्हाही उठवा’ असे सांगितलेले असले, तरी त्या वेळी त्यांच्या घरातील फोन वाजवायला हात होत नाही. आपल्या पाळीनुसार दिवसातील कोणता तास रिकामा पडतो आणि त्या तासाला कोण जागे असेल, याचा तक्ता निघण्यापूर्वीच करून ठेवावा.

मीटिंगमध्ये मराठी आणि कोंकणी दोन्ही चालतात. तिथले बोलणे तिथेच ठेवायचे असल्याने कोणाचे उदाहरण देत नाही. परंतु लग्नाच्या आदल्या रात्रीची बैठक, जत्रेतील मित्रमंडळी किंवा चवथीला मुंबईहून येणारे पाहुणे यांत अवघड काय असते, हे तिथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. एक व्यावहारिक अडचण मात्र नोंदवतो. भाड्याच्या सामायिक घरात इअरफोन लावल्याने दुसऱ्याचे बोलणे झाकते, आपले नाही, आणि भिंतीपलीकडचा भाडेकरू डिचोलीचा निघाला तर मराठीचा आडोसाही राहत नाही. मी बहुतेक शेअरिंग, म्हणजे मीटिंगमध्ये आपला अनुभव सांगणे, उद्यानातील बाकावर बसून केले, हिवाळ्यात हातमोजे घालून.

आपलेपणा हा जसा या मीटिंगचा गुण, तशीच तिची मर्यादाही तिथेच आहे. मीटिंग संपल्यावर गप्पा रंगत, कोणाच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काय झाले, कोणत्या देवळातील उत्सवाचा कालो कधी, हे सारे मला ठाऊक असे. परंतु राहत्या रस्त्यावरील एकाही माणसाचे नाव मला सांगता आले नसते. अशा स्थितीत वाईट दिवस आला तर मोबाइलच्या पलीकडे कोणीच नसते. म्हणून जानेवारीनंतर मी स्विंडनमधील प्रत्यक्ष मीटिंगला जाऊ लागलो. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झालेली ही चळवळ ब्रिटनमध्ये १९४७ पासून आणि भारतात १९५७ पासून आहे, त्यामुळे व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या आणि मीटिंगची घडण परिचित वाटते. अपरिचित असतात ते उच्चार. पहिल्या काही वेळा मला निम्मेच समजले. तरीही तिथे खुर्च्या मांडण्याचे आणि चहाचे पाणी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यानिमित्ताने अर्धा तास आधी पोहोचणे भाग पडले. डॉक्टरांकडे नाव कसे नोंदवावे, रविवारी बस कमी असताना काय करावे, इत्यादी जी माहिती मी अन्यत्र शोधत होतो, ती मला त्या चहाच्या टेबलापाशी मिळाली.

स्विंडनमध्ये गोवेकरांची वस्ती मोठी आहे आणि मेजवान्याही पुष्कळ होतात. तिथे ‘गाडी चालवायची आहे’ हे उत्तर गोव्यापेक्षा कितीतरी अधिक मानले जाते, हा सुखद अनुभव. अल्कोहोलमुक्त बिअरविषयी माझे मत प्रतिकूल आहे: काही बाटल्यांत अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असते, आणि नसले तरी चव व ग्लास यांनी जुनी सवय चाळवते.

डायसल्फिरामच्या (दारू पोटात गेल्यास त्रास होतो, अशा औषधाच्या) गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांचे कागद बरोबर न्यावेत आणि नाताळात कामाच्या ठिकाणी वाटल्या जाणाऱ्या पुडिंगपासून दूर राहावे, कारण त्यात बहुधा ब्रँडी असते. ज्यांचे पिणे अजून चालू आहे आणि न प्यायल्यास हात थरथरतात, त्यांनी प्रवासाच्या मुहूर्तावर एकाएकी दारू तोडू नये. त्यात झटके येण्याचा आणि जिवाला धोका असतो, ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. व्यसनाची पकड अजून इतकी घट्ट झालेली नसेल, तर समुपदेशनाचा पर्याय जाण्यापूर्वीच पाहावा. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी केलेल्या मोजक्या बैठकांचा घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना उपयोग झाल्याचे २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले होते.

खर्च म्हणाल तर दोन्हीकडे शुल्क नाही. वर्गणी ऐच्छिक असते. सध्या मी गोव्याची मीटिंग केवळ रविवारी ठेवली आहे आणि आठवड्यातील उरलेल्या मीटिंगा स्विंडनमध्येच करतो. पत्नीने कुटुंबीयांसाठीच्या अल-ॲनॉनची ऑनलाइन मीटिंग गोव्यातूनच घ्यावी असे माझे म्हणणे होते. रुग्णालयातील पाळ्या पाहून तिने इंग्लंडमधलीच, सकाळची, निवडली.